पांढऱ्या जर्सीतली चौदा नंबर

मी आइस हॉकी खेळायला लागले तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात, फ्रेंच-इंग्लिश दोन्ही बोलणाऱ्या ब्रॉसार्डला येऊन आम्हाला पाच वर्षं होत आली होती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई दर सोमवारी कुठेतरी काळंनिळं घेऊन यायची. कधी दंडावर, कधी पोटरीवर. काही महिने मी भलतेच तर्क केले, मग एक दिवस विचारूनच टाकलं. ती खोखो हसली. म्हणाली, "रविवारी आम्ही बायका हॉकी खेळतो. आया आहेत, आज्या आहेत. मी कॅप्टन आहे. आम्हाला दोघी कमी पडतायत. येतेस?"

शाळेत असताना मी खो-खोच्या टीममध्ये होते. पळण्यात मला कुणी हरवत नसे. इथे आल्यावर मुलीला स्केटिंग शिकवताना मीही तिच्याबरोबर शिकले होते. आणि या लीगमध्ये अंगावर जायला, धक्का मारायला सक्त बंदी होती. म्हणून मी हो म्हटलं.

मला वेगात जाता यायचं. थांबणं मात्र एकाच बाजूला जमायचं. बर्फावर थांबायचं म्हणजे दोन्ही पाय झटकन आडवे करून पात्यांनी बर्फ खरवडायचा. उजवीकडे वळून मी व्यवस्थित थांबायचे. डावीकडे वळायचं म्हटलं की पाय एकमेकांत अडकत, मग मी सरळ जाऊन कठड्यावर आदळायचे. सगळ्या त्याच्यावर विनोद करायच्या. मीही करायचे.

दुसऱ्या वर्षी आमची टीम फायनलला पोचली. मार्चचा शेवट होता, रविवार, दुपारी दोनची मॅच. तीन आठवड्यांनी आमची सिटिझनशिपची टेस्ट होती, त्यामुळे नवरा पुस्तक घेऊन घरी बसला आणि माझ्याबरोबर मुलगी आली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची शाळा फ्रेंच, मैत्रिणींशी बोलणं इंग्लिश, आणि माझ्याशी दोन्हींची भेळ, वर थोडं मराठी.

ड्रेसिंग रूममध्ये मला बुटांच्या नाड्या आवळता येईनात. कॅप्टनने खाली बसून माझ्या नाड्या बांधल्या. "इथे चाळीस माणसं आहेत फक्त," ती म्हणाली, "आणि त्यातली अर्धी फोन बघतायत." तिच्यामागून बर्फावर उतरताना मी प्रेक्षकांकडे पाहिलं. मुलगी वरच्या बाकावर बसली होती. तिच्यापासून दोन जागा सोडून जांभळ्या कोटातली एक म्हातारी बाई होती. ती समोरच्या टीमला, पांढऱ्या जर्सीवाल्यांना, आतापासूनच ओरडून प्रोत्साहन देत होती.

मॅचचं फारसं काही आठवत नाही. आम्ही दोन-एकने मागे होतो आणि पाचेक मिनिटं उरली होती. कुणीतरी पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, जोरात मारला आणि तो डाव्या कोपऱ्यात गेला. त्याच्या सर्वात जवळ त्यांची चौदा नंबर होती, आणि तिच्यामागे मी. बाकावरून कॅप्टन फ्रेंचमध्ये ओरडली, "व्हाझी! व्हाझी!" म्हणजे जा, जा. मी गेले.

ती पाठमोरी होती. पक कठड्याला लागून पडला होता आणि तो काढायला ती वाकली. तिच्या पाठीवरचा चौदाचा आकडा मला अगदी स्वच्छ दिसला. चारातला एक धागा सुटलेला होता, तोही दिसला. म्हणजे मला बघायला वेळ होता. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही, थेट आवाज आठवतो. हेल्मेट कठड्यावर आपटल्याचा आवाज. मी तिच्यावर पडले, घसरून बाजूला झाले आणि लगेच उठून गुडघ्यांवर बसले. ती उठली नाही.

शिट्टी वाजली. रेफरी एक किडकिडीत तरुण बाई होती, ती धावत आली आणि मला म्हणाली, "हात लावू नकोस. तिला हात लावू नकोस." चौदा नंबरची बाई पालथी पडली होती, तोंड एका बाजूला. डोळे उघडे होते. ती काहीतरी पुटपुटत होती. रेफरी बर्फावर आडवी झाली, कान तिच्या तोंडाजवळ नेला, आणि मग मान वर करून कुणालातरी ओरडून सांगितलं. फ्रेंच होतं, पण त्यातला "हात" मला कळला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या गोलकीपरला मी इंग्लिशमध्ये विचारलं, "काय म्हणाली ती?"

गोलकीपर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला हात जाणवत नाहीयेत."

  तोंडात तांब्याच्या भांड्यातल्या शिळ्या पाण्यासारखी चव आली. इथे कुणी जखमी झालं की दोन्ही टीमच्या खेळाडू जिथे असतील तिथे एक गुडघा बर्फावर टेकून बसतात. सगळ्या तशा बसल्या. मीही बसले. अरेनात एवढी शांतता झाली की छतातला पंखा ऐकू येत होता. मग जांभळ्या कोटातली बाई काचेजवळ आली. ती दोन्ही तळव्यांनी काच थोपटत एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होती. ती चौदा नंबरची आई होती.

अँब्युलन्स यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. आलेल्या दोघांचे बूट बर्फावर घसरत होते, म्हणून आमच्या टीममधल्या दोघींनी त्यांना दंडाला धरून आणलं. त्यांनी तिचं हेल्मेट काढलं नाही. जर्सी कात्रीने कापली. मानेभोवती पट्टा घातला आणि सहाजणांनी मिळून, एक-दोन-तीन म्हणून, तिला फळीवर घेतलं. तिचा एक ग्लोव्ह तिथेच राहिला. रेफरी मला म्हणाली, "तू आत जा. मला रिपोर्ट लिहावा लागेल." ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

अरेना तासावर भाड्याने मिळतं. आमची वेळ संपली होती आणि पुढची मुलांची टीम दाराशी उभी होती. मॅच तिथेच थांबवली. पांढऱ्या जर्सीवाल्या पुढे होत्या, म्हणून कप त्यांना दिला. तो कुणीतरी हॉलवेमधल्या बाकावर ठेवून दिला होता, उचलायला कुणी येत नव्हतं.

पार्किंग लॉटमधून मी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू कशावर सही केलीस का?"

"नाही."

"पोलीस आले होते?"

"नाही रे. खेळ होता तो."

"खेळ होता हे मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार? रिपोर्ट होणार म्हणतेस. सिटिझनशिपचं मधेच लटकलंय. तू सरळ घरी ये."

"मी हॉस्पिटलमध्ये जातेय."

"अगं, नको! तू तिथे गेलीस की कबूल केल्यासारखं होईल. घरी ये, मग आपण विचार करू."

मी खोटं लिहिणार नाही. तो बोलेपर्यंत पोलीस माझ्या डोक्यात आले नव्हते, पण एकदा आल्यावर जाईनात. एक बाई हात जाणवत नाहीत म्हणून पडली होती आणि मी गाडीत बसून आपला फॉर्म, आपली टेस्ट, मुलीची शाळा यांचा हिशोब मांडत होते. तिच्या हातांची भीती आणि माझ्या कागदांची भीती पोटात एकाच जागी होती, वेगळी करता येत नव्हती. मुलगी शेजारी बसून माझ्या ग्लोव्हचा वेल्क्रो उघड-बंद करत होती. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"आई, वुई हॅव टू गो," ती म्हणाली. "तुला फ्रेंच येत नाही नीट. आय विल टॉक."

आम्ही गेलो.

इमर्जन्सीच्या काउंटरवर नर्सने विचारलं, तुम्ही नातेवाईक का? मुलीने नाही म्हटलं. मग काही सांगता येणार नाही, बसायचं तर बसा. आम्ही आत वळलो तर समोरच्या रांगेत जांभळा कोट होता. म्हातारी बाई मांडीवर आपल्या मुलीचे स्केट्स घेऊन बसली होती. पात्यांवरचा बर्फ वितळून तिच्या कोटावर डाग पडला होता. मी अजून हॉकीचीच जाड पॅन्ट घालून होते, त्यामुळे तिने मला लगेच ओळखलं.

मी तिच्यासमोर उभी राहिले. संध्याकाळच्या क्लासमध्ये दोन वर्षं शिकलेल्या फ्रेंचमधलं मला एवढंच सुचलं, "देझोले, मादाम. देझोले." माफ करा.

ती बसल्याबसल्या बोलायला लागली. आवाज चढवला नाही. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलली, पण माझ्या डोक्यात इतकी गुणगुण चालली होती की काही धरता येईना. शेवटी तिने दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली. माझी मुलगी तिला काहीतरी म्हणाली, घाईघाईने, बरंच लांबलचक. म्हातारी ऐकत राहिली आणि मग तिने तोंड फिरवलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"शी सेड थँक यू फॉर कमिंग," मुलगी म्हणाली.

आम्ही दोन रांगा सोडून बसलो. नवऱ्याचे चार मिस्ड कॉल होते. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर तिथेही मला आधी स्वतःसाठी मागावंसं वाटलं, म्हणून सोडून दिलं. एकदा आतून स्ट्रेचरची चाकं वाजली तेव्हा मी उभी राहिले, पण ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मुलगी मशीनमधून चिप्स घेऊन आली आणि तिने त्या फोडल्याच नाहीत.

दोनेक तासांनी एक डॉक्टर बाहेर आली आणि म्हातारीपाशी उकिडवी बसली. आम्हाला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मुलीने माझं मनगट धरलं आणि कानात सांगायला लागली. मानेच्या एका मणक्याला चीर आहे. पण सरकलेला नाही. ऑपरेशन नको, कॉलर लावायची. मज्जारज्जूला हादरा बसलाय. उजव्या हाताची बोटं हलतायत. डाव्याची थोडी. पाय ठीक आहेत. "आई, ती चालू शकेल. शी विल वॉक."

मी रडले. वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, पुन्हा रडले. बाहेर आले तेव्हा म्हातारी डॉक्टरबरोबर आत गेली होती, आणि स्केट्स खुर्चीखाली ठेवलेले होते.

पार्किंगमध्ये गाडीवर पातळ बर्फ जमला होता. मुलगी काच खरवडत होती आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मघाचा एक तुकडा आत्ता कुठे माझ्या कानात सुटा झाला. "झे तू व्ह्यू." पाहणे या क्रियापदाचा भूतकाळ आम्हाला नुकताच शिकवला होता. मी सगळं पाहिलं.

मुलगी आत येऊन बसली. मी म्हटलं, "त्या थँक यू नव्हत्या म्हणाल्या."

तिने काच खरवडायची पट्टी पायाशी ठेवली.

"सांग मला. मी रागावणार नाही."

"त्या म्हणाल्या, मी सगळं पाहिलं." तिने खालमानेने मराठीत सांगितलं, बहुधा मराठीत सांगितलं तर कमी लागेल असं तिला वाटलं असावं. "त्या म्हणाल्या, तू थांबायला बघितलंच नाहीस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माझ्या आईला त्या साइडला थांबता येत नाही. शी जस्ट कान्ट. सगळ्यांना माहीत आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ते खरं आहे ना, आई? आय सॉ इट टू. पण ते खरं आहे ना?"

"हो," मी म्हटलं. एका क्षणात म्हटलं.

ती "ओके" म्हणून रडायला लागली, आणि मी गाडी सुरू केली.

पुढचे तीन आठवडे मी दारावरची बेल वाजली की दचकायचे. पत्रपेटीतून खाकी पाकीट निघालं की उघडायच्या आधी पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा वाचायचे. पोलीस आले नाहीत. लीगचं पत्र आलं, ते मुलीनेच वाचून दाखवलं: निष्काळजीपणे खेळल्याबद्दल पुढच्या वर्षी दोन मॅचची बंदी. मुद्दाम केलं असं कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने ते दोनदा वाचायला लावलं आणि मोठा श्वास सोडला. "संपलं बरं का," तो म्हणाला. टेस्ट आम्ही दोघांनी पास केली. तो मिठाई घेऊन आला. मला मात्र झोपायला पडलं की तो आकडा दिसायचा, सुटलेल्या धाग्यासकट. दोन पावलं आधी. मी पाय वळवले होते का? कितीही प्रयत्न केला तरी पायांचं काही आठवायचं नाही. उजव्या बाजूला कठड्यावर आदळायची वेळ आलीच, तर मी अंग टाकून बसायचे, घसरत जायचे. तेवढं तर कुठल्याही बाजूला करता आलं असतं. खाली बसायला डावं-उजवं लागत नाही. मी बसले नव्हते, कारण बसले असते तर पक गेला असता.

एप्रिलमध्ये कॅप्टनने सांगितलं की चौदा नंबरची बाई घरी आली आहे आणि मी भेटायला गेले तर तिची हरकत नाही. या वेळी मी एकटी गेले. दार म्हातारीने उघडलं. तिने माझा कोट घेतला, खुंटीला लावला, आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. हेल्मेटच्या जाळीशिवाय मी तिला पहिल्यांदा बघत होते. माझ्याहून लहान होती, पस्तिशीची असेल. ती बालवाडीत शिकवायची. हनुवटीपर्यंत कॉलर, त्यामुळे माझ्याकडे बघायला तिला आख्खं अंग वळवावं लागलं. टीव्हीशेजारी तो कप ठेवलेला होता. ती चांगलं इंग्लिश बोलत होती. म्हणाली, "मला काहीच आठवत नाही. दुपारचं जेवण आठवतं, आणि मग छतावरचे दिवे. आई काय काय म्हणते. पण आई प्रत्येक मॅचला कुणावर तरी चिडलेली असते."

इथे मला सुटता आलं असतं. मी म्हटलं, "मी सगळ्यांना सांगितलं की मला त्या बाजूला थांबता येत नाही. ते खरं आहे. पण मी थांबायचा प्रयत्न केला की नाही, हे मला आठवत नाही. मला वाटतं मी केला नाही. मला पक हवा होता."

 कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून तिने एक घोट घेतला आणि तो तसाच सावकाश खाली ठेवला.

"मग मी आता याचं काय करू?" ती म्हणाली.

"काही नाही. मला सांगायचं होतं."

"हो. तुला सांगायचं होतं." ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. "मला रोज सकाळी उठल्यावर आधी बोटं मोजावी लागतात. हलतात का ते. घाबरून मी डोळे न उघडताच मोजते. तू आलीस हे चांगलं केलंस. पण तुला बरं वाटायला लावण्याएवढी शक्ती माझ्यात नाही."

मी म्हटलं, खरं आहे. मग आम्ही तिच्या बालवाडीतल्या मुलांनी पाठवलेली चित्रं बघितली. त्यातल्या बहुतेकांत ती बर्फावर पडलेली होती आणि हसत होती.

निघताना म्हातारीने कोट माझ्या हातात दिला. बाहेर पायऱ्यांवर पावसाचं पाणी गोठलेलं होतं. तिने फ्रेंचमध्ये, मला कळेल इतकं सावकाश सांगितलं, "कठडा धरून उतरा." मी उतरले. वळून पाहिलं तोवर दार लागलं होतं.

त्या संध्याकाळी मी मुलीलाही सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ येईल. ती ताडकन उभी राहिली. "सो आय लाइड टू दॅट लेडी? तुझ्यासाठी?" दोन दिवस ती माझ्याशी फक्त जेवायला काय आहे एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी शाळेचा फॉर्म सही करायला आणून दिला आणि शेजारी बसून राहिली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

सप्टेंबरमध्ये चौदा नंबरची बाई कामावर रुजू झाली. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली ती राहिलीच, असं कॅप्टन सांगते. पुढचं एक वर्ष मी खेळले नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. का गेले ते नवऱ्याला समजावता आलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "जा, पण जपून," आणि माझी बॅग गाडीत ठेवायला खाली आला.

पहिलीच मॅच पांढऱ्या जर्सीवाल्यांशी होती. चौदा नंबरची बाई त्यांच्या बाकामागे जाड कोट घालून उभी होती. खेळत नव्हती, कुणी कधी उतरायचं ते सांगत होती. माझी पाळी आल्यावर मी कठड्यावरून पाय टाकला तेव्हा आधी स्टिकवर भार देऊन उभी राहिले. पक त्यांच्या बाकाच्या बाजूला गेला. मी त्याच्यामागे गेले, हळू गेले, इतकी हळू की मागून आमचीच एकजण वैतागून ओरडली. पक त्यांना मिळाला. वळताना मी त्यांच्या बाकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती की खेळाकडे, ते मला जाळीतून कळलं नाही.